जावेची भीती वेगळी, दिरांचा राग वेगळा

पत्र :

"मी यावल तालुक्यातल्या एका गावात राहते. बी.एस्सी. झाले आहे, लग्नाआधी हायस्कूलला विज्ञान शिकवत होते. आमच्या आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, गावालगतच्या शेताच्या कडेला मोबाइल टॉवरसाठी जागा द्यायचं ठरवलं. महिना ९ हजार भाडं, १५ वर्षांचा करार. आबांची सही झाली आहे, नोंदणी बाकी आहे. त्या जागेपासून साठ-सत्तर मीटरवर माझ्या धाकट्या चुलत दिरांचं घर आहे. वाटण्या आजोबांनीच करून दिल्या होत्या. जाऊ पाच महिन्यांची गरोदर आहे. 'आमच्या लेकराच्या डोक्यावर टावर नको' म्हणून तिने रडून घर डोक्यावर घेतलं. दीर म्हणतात, लहरींनी केळीवर रोग पडेल, ग्रामसभेत ठराव आणतो. भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप गटावर रोज मेलेल्या पक्ष्यांचे व्हिडिओ येतात. मी प्रत्येकाला मुद्देसूद उत्तर दिलं. शेवटी वैतागून 'हा अडाणीपणा आता पुरे' असंही लिहिलं. जाऊ गटातून बाहेर पडली. आता बोलत नाही, यंदा कानबाईच्या रोटालाही, म्हणजे भाऊबंदांच्या सणालाही, येणार नाही म्हणते. सासूबाई म्हणतात, आग लागो त्या टॉवरला. माझं शास्त्र चुकतंय का? चुकत नसेल तर त्यांना पटवू कसं?

ता. क. परवा रात्री दीर गुपचूप आले होते. त्यांनी इंटरनेटवरची जाहिरात पाहून स्वतःच्या शेतात टॉवर बसवण्यासाठी अर्ज केला आहे. १८,५०० रुपये भरले आहेत. आता जीएसटीचे म्हणून आणखी ४२ हजार मागताहेत. इंग्रजी पत्र मला वाचायला दिलं. जावेला हे माहीत नाही."

उत्तर :

ताई, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ताजा कलमात लिहिली, म्हणून मी तिथूनच सुरू करते.

दिरांनी एक रुपयाही आणखी भरायचा नाही. ही फसवणूक आहे, आणि जुनी आहे. जाहिरात दिसते, फोन येतो, मग राजमुद्रा छापलेलं, दूरसंचार खात्याच्या नावाचं मंजुरीपत्र येतं. नोंदणी फी भरली की जीएसटी, तो भरला की अनामत, ती भरली की फोन बंद. दूरसंचार विभाग किंवा दूरसंचार नियामक 'ट्राय' कुणाच्या शेतात टॉवर मंजूर करत नाही, तसलं ना-हरकत पत्र देत नाही आणि शेतकऱ्याकडून पैसे घेत नाही. असली पत्रं खोटी असल्याचं या दोघांनीही वेळोवेळी जाहीर केलं आहे. खरी कंपनी जागेचं भाडं देते, मागत नाही. तुमच्या आबांकडे कुणी पैसे मागितले होते का, एवढं एकच दिरांना विचारा. त्यांच्या लगेच लक्षात येईल.

हे वाचून झालं की त्यांना १९३० या क्रमांकावर फोन करायला लावा, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, ती तुम्ही त्यांच्याजवळ बसून भरून द्या. पैसे ज्या व्यवहारातून गेले त्याचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो), समोरच्याचा फोन नंबर, ते पत्र, चॅट, सगळं जपून ठेवायला सांगा. लाजेपोटी माणसं पहिल्यांदा चॅटच उडवतात आणि पुरावा हातचा जातो. बँकेलाही लेखी कळवावं. पैसे परत मिळतीलच असं मी सांगणार नाही. पुढचे ४२ हजार मात्र नक्की वाचतील.

आता या ताजा कलमाचा दुसरा अर्थ बघा. जो माणूस ग्रामसभेत लहरींविरुद्ध ठराव आणणार आहे, तोच आपल्या शेतात टॉवर यावा म्हणून पैसे भरून बसलाय. म्हणजे दिरांना लहरींचं भय नाही. आबांना महिन्याला ९ हजार मिळणार, ते त्यांच्या घरासमोरून मिळणार आणि कुणी त्यांना साधं विचारलंही नाही, हे त्यांना डाचतंय. जाऊ मात्र खरोखर घाबरली आहे. तुम्ही या दोघांना एकाच गटावर एकच उत्तर देत होतात, म्हणून ते दोघांनाही लागू पडलं नाही.

आणि मेहेरबानी करून ही १८,५०० ची गोष्ट गटावर टाकू नका. हात शिवशिवतील. 'बघा, टॉवर नको म्हणणारेच अर्ज करून बसलेत' असं एक वाक्य लिहिलं की वाद जिंकाल, पण भाऊबंदकी कायमची तुटेल. रात्री लपतछपत का होईना, दीर तुमच्याकडेच कागद घेऊन आले. घरात वाचून खरं सांगेल असं माणूस त्यांना तुम्हीच वाटता. हे साधं नाही.

आधी जावेचं बघू, कारण तुमचा पहिला प्रश्न तिच्यापाशी आहे. तुमचं शास्त्र चुकत नाही. मोबाइलच्या लहरी साधारण ७०० मेगाहर्ट्झपासून साडेतीन गिगाहर्ट्झपर्यंतच्या असतात. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाची वारंवारता त्याच्या लाखाहून अधिक पट. क्ष-किरण तर त्याच्याही कितीतरी पुढे. शरीरातल्या रेणूंची, डीएनएची बांधणी तोडायला जी ताकद लागते ती अतिनील किरणांपासून पुढे सुरू होते. मोबाइलच्या लहरी तिच्या जवळपासही येत नाहीत. त्यांचा खात्रीने सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊब, आणि मर्यादा ठरवल्या जातात त्या ही ऊब शरीराला जाणवूही नये अशा बेताने. त्यातही भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी, अशा लहरींपासून संरक्षणाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या मर्यादेचा एक दशांश भाग धरला. ९०० मेगाहर्ट्झला बाहेर प्रति चौरस मीटर ४.५ वॅट चालतात, तिथे आपल्याकडे ०.४५.

जावेला मात्र यातलं काही सांगू नका. वॅट आणि हर्ट्झ ऐकून कुठल्याही गरोदर बाईची भीती गेलेली मी पाहिली नाही. तिच्या डोक्यात चित्र आहे ते टॉवरवरून थेट खिडकीत किरण ओतले जाण्याचं. त्या चित्राला उत्तर द्यायला हवं. टॉवरवरचे अँटेना खाली ओतत नाहीत, ते आडवा झोत टाकतात, जरासा खाली कललेला. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, अगदी तसंच. पायथ्याशी आणि लगतच्या घरांत लहरी बहुतेक वेळा कमीच पोचतात. पुन्हा अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाईवर येते. याउलट जो फोन ती रात्री उशीजवळ घेऊन झोपते, तो अंगाला चिकटलेला असतो, आणि रेंज जितकी कमी तितका तो जोर लावून लहरी सोडतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या तुमच्या गावांत रेंज मिळवायला माणसं फोन घेऊन घराच्या धाब्यावर चढतात, तेव्हा फोन आपल्या पूर्ण ताकदीवर चाललेला असतो. टॉवर जवळ आला की तो शांत होतो. यातही घाबरण्यासारखं काही नाही, दोन्ही मर्यादेतच आहे. पण टॉवर आल्यावर तिच्या अंगावरच्या लहरी एकूण वाढतीलच, हे तिचं गृहीतक तितकंसं खरं नाही, एवढं तिला कळलं तरी पुरे.

एका ठिकाणी मात्र तुम्ही घसरलात. पत्रासोबत तुमचे गटावरचे संदेश जोडलेत, त्यात एके जागी 'धोका शून्य, हे सिद्ध झालेलं आहे' असं लिहिलंय. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने असं लिहू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ साली या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' अशा २-ब गटात टाकल्या, हे खरं आहे आणि दिरांच्या एका व्हिडिओत तेच आहे. तुम्ही ते 'फेक' म्हणून झटकलंत. त्याऐवजी पुढचं सांगायला हवं होतं : तो निर्णय झाला तो मुख्यतः डोक्याला फोन लावून तासन्‌तास बोलणाऱ्यांवरच्या मर्यादित पुराव्यावरून, आणि त्याच २-ब गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. तंबाखू आणि दारू पहिल्या गटात आहेत, जिथे शंकेला जागाच नाही. त्यानंतर २०२४ मध्ये याच संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा आला. १९९४ ते २०२२ या काळातले ६३ अभ्यास तपासून त्यात मोबाइलच्या वापराचा आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही. टॉवरजवळ राहण्याचा लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाशीही आढळला नाही. हे सगळं मिळून तुमच्याच बाजूचं आहे. पण समोरच्याने आणलेला खरा कागद तुम्ही खोटा म्हणालात की तुमचे बाकीचे खरे कागदही त्याला खोटे वाटू लागतात.

पक्ष्यांच्या व्हिडिओचं थोडक्यात. नेदरलँड्समधल्या हेग शहरात २०१८ च्या अखेरीला शेकडो पक्षी मेले, हे घडलं होतं. मात्र तिथली ५जी चाचणी त्याच्या काही महिने आधीच होऊन गेली होती. पक्षी मरत असताना चाचणी चालूच नव्हती.

मग जावेसाठी करायचं काय? बोलण्याऐवजी मोजून दाखवा. दूरसंचार खात्याचं 'तरंग संचार' नावाचं पोर्टल २०१७ पासून आहे. कुठल्याही टॉवरची माहिती त्यावर दिसते, आणि ४ हजार रुपये भरले की खात्याची माणसं येऊन आपल्या देखत लहरी मोजून देतात. हे ४ हजार आबांनी भरायचे आणि मोजणी जावेच्या खोलीत, खिडकीपाशी, तिच्यासमोर करून घ्यायची. टॉवर उभा होण्याआधीच हा शब्द तिला द्या. आणि आकडा आला की 'आता पटलं का?' असं विचारू नका. ताई, तुमच्या पत्राची भाषा बघता तुम्ही ते विचाराल अशी मला दाट शंका आहे.

तिला भेटायला एकट्या जा. गटावर माफी मागून चालणार नाही, 'अडाणी' हा शब्द चारचौघांत गेला असला तरी लागला तो तिला एकटीला. जाताना टॉवरचा विषय घेऊन जाऊ नका. पाचवा महिना आहे. अठरा ते वीस आठवड्यांची सोनोग्राफी झाली का, हिमोग्लोबिन किती आहे, यावल-फैजपूरला तपासायला न्यायला कुणी आहे का, हे विचारा. आणि खरं सांगायचं तर पोटातल्या लेकरासाठी तुमच्या गावात टॉवरपेक्षा जास्त काळजीची एक गोष्ट आहे : बागेतली फवारणी. केळीवर औषध मारलेल्या दिवशी तिने बागेत जाऊ नये, फवारणीचे कपडे धुऊ नयेत, पंप आणि डबे घरात ठेवू नयेत. हे तिच्या डॉक्टरांकडूनही तिला ऐकू द्या. तिची काळजी खोटी नाही, ती भलत्या ठिकाणी लागून राहिली आहे एवढंच.

आता केळी. दीर हा मुद्दा भाडं मनात ठेवून बोलत असतील, पण गावात तो पसरतोय, म्हणून सांगते. आषाढात ढगाळ हवा आणि रिपरिप लागली की मृगबागेच्या, म्हणजे जूनच्या लागवडीच्या, कोवळ्या पानांवर पिवळट पट्टे दिसतात, पान वेडंवाकडं होतं, पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सडतो. रावेर-यावलकडे त्याला हरण्या म्हणतात. तो कुकुंबर मोझॅक विषाणू, पसरवतो मावा. म्हणून तर कृषी खातं सांगतं की बागेत आणि बांधावर काकडी, भोपळा, टमाटे, मिरची लावू नका, रोगट झाड उपटून पुरा किंवा जाळा. करपा म्हणाल तर ती बुरशी. या दोघांनाही टॉवर लागत नाही. ज्या शिवारात मैलभर टॉवर नाही तिथेही दोन्ही येतात, हे कुणीही जुना बागायतदार सांगेल. दिरांच्या बागेत खरंच पट्टे दिसत असतील तर त्यांनी पानांचे फोटो घेऊन पालच्या कृषी विज्ञान केंद्रात जावं. आठवडाभर ग्रामसभेची वाट पाहण्यात शेजारची झाडं हातची जातील.

ठरावाबद्दल आबांना धीर द्या, पण उन्मत्त होऊ देऊ नका. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगली जिल्ह्यातल्या चिखलहोळ ग्रामपंचायतीचा टॉवर रोखणारा असाच ठराव रद्द केला, लहरींनी अपाय होतो याला शास्त्रीय आधार दाखवता आला नाही म्हणून. दुसऱ्या बाजूला, ग्वाल्हेरच्या एका आजारी माणसाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एक टॉवर बंद करायला लावला होता, तेही गावात कुणीतरी काढेलच. कोर्टात जाऊन निकाल आबांच्या बाजूने लागला तरी दिरांच्या घरासमोरून रोज जाणं-येणं आबांनाच आहे.

आणि आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही ते. ही जमीन नक्की कुणाची आहे? आबा आणि दिरांचे वडील सख्खे भाऊ. तुम्ही लिहिता, 'वाटण्या आजोबांनीच करून दिल्या होत्या.' तोंडी की कागदावर? आपल्याकडे निम्म्या घरांत वाटणी तोंडी असते, बांध टाकलेला असतो, दोघं आपापलं कसतात आणि सातबारा सामाईकच राहतो. राज्य सरकारच्या जमीन नोंदींच्या 'महाभूमी' संकेतस्थळावर १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा निघतो. तो काढा आणि भोगवटादाराच्या रकान्यात कुणाकुणाची नावं आहेत ते बघा. दिरांचं किंवा त्यांच्या आईचं नाव तिथे असेल तर लहरींचा प्रश्न बाजूलाच राहिला : आबांना एकट्याच्या सहीवर ती जागा १५ वर्षांसाठी देता येणार नाही. वर्षभराहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, आणि नोंदणीच्या वेळी किंवा त्यानंतर दिरांनी हरकत घेतली की प्रकरण दिवाणी कोर्टात जाऊन पडेल. कंपनीच्या माणसाने हे आबांना सांगितलं नसेल. त्याला टॉवर उभा करायचा आहे.

नाव निघालं तर दिरांची सही घ्या आणि भाड्यात वाटा द्या. किती, ते आबा आणि दिरांच्या आई बसून ठरवतील, तुम्ही त्यात पडू नका. दोन्ही घरांना पटत असेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली रीतसर वाटपाचा अर्जही याच निमित्ताने करून टाकावा, म्हणजे तुमच्या मुलांवर हीच वेळ येणार नाही. नाव नाही निघालं, जमीन निखळ आबांची असली, तरी समोरच्या घराला काही द्यायला हवं असं माझं मत आहे. पैसेच द्यायला हवेत असं नाही. टॉवरजवळ डिझेलचा जनरेटर बसतो. वीज गेली की तो रात्रभर धडधडतो, धूर सोडतो. उन्हाळ्यात तुमच्याकडे वीज किती वेळा जाते ते मी सांगायला नको. लहरींपेक्षा हा धूर आणि आवाज जावेच्या बाळाला जास्त छळेल. जनरेटर आवाजबंद पेटीतला असावा, तो घराच्या विरुद्ध बाजूला बसावा, हे करारात लिहून घ्या. कंपनीच्या गाड्यांसाठी रस्ता कुठून, पुढे याच टॉवरवर दुसऱ्या कंपन्यांचे अँटेना चढले तर भाडं वाढेल का, कंपनी मध्येच सोडून गेली तर लोखंड आणि काँक्रीटचा चौथरा कोण काढणार, हेही कागदावर यायला हवं. सध्याच्या मसुद्यात यातलं काय आहे ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. मला वाटतं, आबांनी तो पुरता वाचलेला नाही.

आबा म्हणतील, कंपनीवाले घाई करताहेत. करू द्या. सही झाली असली तरी नोंदणी बाकी आहे, तेवढी फट हातात आहे. सातबारा उद्याच काढा, करारनाम्याची प्रत घेऊन यावलच्या एखाद्या जमिनीच्या कामातल्या वकिलाला दाखवा, आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायच्या दिवशी दिरांनाही सोबत न्या, सही त्यांची लागो वा न लागो.